आजीच्या ट्रंकेतले फोटो: पाच दिवसांत काय करायचं, काय ठेवून द्यायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आजी ८६ वर्षांची, संगमेश्वरजवळच्या गावी काकांकडे राहते. दिवाळीत तुम्ही पाच दिवस जाणार आहात. माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत दोनेकशे सुटे फोटो, चिकट पानांचे दोन अल्बम, पत्रांचा गठ्ठा आणि सात-आठ कॅसेट आहेत. हाताशी दहा हजार रुपये आहेत, तर स्कॅनर कोणता घ्यावा?

या फेरीला कोणताच घेऊ नका. फोटो पन्नास वर्षं त्या ट्रंकेत राहिले, आणखी एक पावसाळा काढतील. पण मागच्या रांगेत डावीकडून तिसरी बाई कोण, हे सांगणारं माणूस घरात आता एकच उरलंय. स्कॅनर घेऊन गेलात की पाचही दिवस तुम्ही काचेवर फोटो ठेवत बसाल आणि आजी बाजूला बसून बघत राहील. परत आल्यावर हातात दोनशे स्वच्छ चित्रं असतील आणि त्यातल्या दीडशे चित्रांतली माणसं कोण ते कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून माणूस आधी, वस्तू नंतर.

याला अपवाद तीन. ट्रंकेत वाळवी दिसली, फोटोंवर पांढरी-करडी बुरशी दिसली किंवा निगेटिव्हच्या पाकिटाला व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर त्या वस्तू पहिल्याच दिवशी वेगळ्या काढा. आंबट वासाच्या निगेटिव्हची फिल्म स्वतःच कुजत असते आणि शेजारच्या फिल्मलाही बाधते. बुरशी आलेले फोटो सावलीत, वारा लागेल असे सुकू द्या, मग तोंडाला फडकं बांधून अंगणात मऊ ब्रशने हलकेच झटका. ओल्या फडक्याने पुसायचा मोह होतो, तो टाळा. बुरशीने फोटोवरचा जिलेटिनचा थर आधीच खाऊन पोकळ केलेला असतो. पाणी लागलं की चेहराच फडक्याला येतो. उन्हातही घालू नका, फोटो वळतात आणि थराला तडे जातात.

या फेरीचं खरं काम म्हणजे आजीला फोटो दाखवत तिचं बोलणं रेकॉर्ड करणं, आणि ते सगळं आजीवर अवलंबून आहे. तिला ऐकू कितपत येतं, दिवसातल्या कोणत्या वेळी ती ताजीतवानी असते, विसरभोळेपणा किती आहे, हे तुम्हाला काकू सांगेल. बहुतेक म्हाताऱ्या माणसांची चांगली वेळ म्हणजे सकाळचा चहा झाल्यावर ते जेवणाआधी. एका बैठकीला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं पुरे. दिवसाला दोन बैठका झाल्या तरी खूप. कवळी असेल तर लावलेली असू दे, नाहीतर नंतर ऐकताना शब्द लागत नाहीत.

पहिल्या दिवशी दुपारी फोटोंच्या नुसत्या ओळखप्रती काढा, म्हणजे फोनने घेतलेले कामचलाऊ फोटो. पडवीत सावलीचा, एका बाजूने येणारा उजेड असेल तिथे काळं किंवा करडं कापड अंथरा. फोन फोटोला समांतर धरा, थोडा लांब धरून २एक्स झूमवर घ्या. फार जवळून घेतलं की कडा फुगतात आणि फोनची सावली पडते. फ्लॅश बंद. चकचकीत फोटोवर तुमच्या शर्टाचं प्रतिबिंब येत असेल तर गडद कपडे घाला. या पद्धतीने दोनशे फोटो दोन-अडीच तासांत होतात.

त्याच वेळी प्रत्येक फोटोला क्रमांक द्या. जुन्या जाड कागदाच्या फोटोंवर मागे, कोपऱ्यात, मऊ ४बी पेन्सिलीने हलक्या हाताने. ऐंशीच्या दशकापासूनच्या प्लॅस्टिकसारख्या गुळगुळीत पाठीवर पेन्सिल उमटत नाही. त्यांना कागदी पाकीट करा आणि आकडा पाकिटावर लिहा, फोटो आत घालण्याआधी. बॉलपेन नको. त्याचा वळ पुढून दिसतो आणि शाई खालच्या फोटोला लागते.

आकड्यांवर मी अडून बसतो त्याला कारण आहे. अशा रेकॉर्डिंगमध्ये सर्रास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, “ही बघ, ही माझी नणंद, आणि हा तिचा धाकटा.” ही म्हणजे कुठली? आवाज स्वच्छ, माहिती पक्की, आणि ती कोणत्या फोटोची ते कळायला मार्ग नाही. म्हणून फोटो हातात देताना तुम्ही मोठ्याने म्हणायचं, “फोटो सत्तेचाळीस. मागची रांग, डावीकडून.” आजीने बोट ठेवलं की तुम्ही पुन्हा उच्चारायचं, “म्हणजे दुसरी, काठाच्या लुगड्यातली.” पोरखेळ वाटेल, पण वर्षभराने ऐकताना हाच धागा हाताला लागतो. दोन इंचांचा फोटो तिला दिसणार नाही, तेव्हा ओळखप्रत टॅबवर मोठी करून दाखवा. मूळ फोटोही तिच्या हातात राहू द्या. हातातला कागद उलटून बघताना जे आठवतं ते पडद्यावर बघताना बरेचदा आठवत नाही.

नावं विचारताना बायकांची तीन नावं विचारा: माहेरचं, लग्नात ठेवलेलं आणि हाक मारायचं. प्रत्येक घरात एक माई, एक अक्का आणि एक ताई असतेच. “माई, १९७०” एवढंच लिहून ठेवलं तर तुमच्या मुलांना त्यातून काही कळणार नाही. घराण्याच्या वंशावळीत पुरुषांची नावं सात पिढ्या मिळतात आणि बायका फक्त सासरच्या नावाने येतात, कधी तेवढ्यानेही नाही. ही गळती भरून काढायची संधी आजीजवळच आहे. तिच्या आईचं माहेरचं नाव काय आणि गाव कोणतं, हे तरी परत यायच्या आत विचाराच.

आता साल. “हे कधीचं गं?” असं विचारलं की उत्तर येतं, “झाली असतील चाळीस वर्षं.” चाळीस म्हणजे तीसही असतं आणि पासष्टही. साल विचारूच नका, खुंटी विचारा, म्हणजे साल पक्कं माहीत असलेली, सगळ्यांच्या लक्षात राहिलेली घटना. तुमच्या भागात उत्तम चालणाऱ्या खुंट्या: कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ची पहाट. १९७२चा दुष्काळ, म्हणजे घाटावरचा, पण त्या काळातलं रेशनचं धान्य सगळ्यांना आठवतं. मुंबईतला गिरण्यांचा संप, १८ जानेवारी १९८२पासून. घरातलं कुणी गिरणीत असेल तर ही खुंटी सर्वांत पक्की. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ते १९९८. आणखी मागे जायचं तर गांधीजी गेले ती बातमी, जानेवारी १९४८, किंवा आण्यांऐवजी नवे पैसे आले ते १९५७. “भूकंपात हे घर होतं का? तेव्हा बाबा केवढा होता?” असं विचारलं की आजी हाताने उंची दाखवते. त्या उंचीवरून साल एक-दोन वर्षांच्या फरकाने निघतं. (ही उंची तोंडाने बोलून घ्या. रेकॉर्डिंगमध्ये हात दिसत नाही.) वाडीत वीज कधी आली ते समजलं की फोटोतला दिवाही साक्ष देतो.

कागदपत्रांतल्या जन्मतारखांवर फार विसंबू नका. शाळेच्या दाखल्यावर १ जून दिसला की तो मास्तरांनी घातलेला समजावा. पत्रिका सापडली तर तिच्यावर शके असेल. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुन असेल तर ७९. शके १८६१चा श्रावण म्हणजे १९३९.

रेकॉर्डिंगला तुमचा फोन चालेल. वेगळा माइक घ्यायचाच तर तारेचा, पदराला लावायचा छोटा घ्या. दहा हजारांतला एवढाच खर्च मला या फेरीसाठी पटतो. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर नेमक्या वेळी कुणाचा तरी फोन येतो आणि कित्येक फोनमध्ये रेकॉर्डिंग तिथेच थांबतं. फोन टेबलावर थेट ठेवला तर बांगड्या आणि कप आपटल्याचे धक्के येतात. घडी घातलेल्या गोधडीवर ठेवा, आजीच्या तोंडापासून फूट-दीड फुटावर. पंखा बंद. पंख्याची घरघर आपल्या कानाला जाणवत नाही, पण रेकॉर्डिंगमध्ये तीच वर येते आणि नंतर काढायला गेलात तर आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. मोकळ्या, टाइल्सच्या खोलीपेक्षा गाद्या आणि कपड्यांची कपाटं असलेली खोली बरी. ॲपमध्ये सोय असेल तर डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी फाइल) निवडा, ४८ किलोहर्ट्झ, मोनो. तासाला साधारण ३५० एमबी जागा लागते. सुरुवातीला तारीख, गाव, कोण बोलतंय, कोण विचारतंय हे चार शब्द बोला. पहिल्या बैठकीला दोन मिनिटं रेकॉर्ड करून लगेच हेडफोनवर ऐका. चूक कळायची तर ती त्याच वेळी कळलेली बरी.

काय विचारायचं, यात बहुतेकांचं चुकतं. “तुझं बालपण कसं होतं?” याला “गरिबी होती बाबा” याखेरीज उत्तर नाही. तिला घरात फिरवा. “आजी, तुझ्या माहेरी ओटीवरून आत आलं की डाव्या हाताला काय होतं?” माजघर, देवघर, चूल, न्हाणी, गोठा असं एकेक विचारत कागदावर नकाशा काढत जा आणि तिला चुका काढू द्या. नकाशा चुकला की ती स्वतःहून बोलायला लागते, म्हणून एखादी खोली मुद्दाम चुकीच्या जागी काढली तरी हरकत नाही. मग एक दिवस विचारा, सणाचा नव्हे, साधा. पहाटे उठून पहिलं काम कोणतं? पाणी कुठल्या विहिरीचं, किती कळश्या, कुणाच्या डोक्यावर? कंदिलाची काच कोण पुसायचं आणि कशाने? भात कोण सडायचं? पावसात सरपण कुठे ठेवायचे? लग्नामुंजींचे फोटो सगळ्यांकडे असतात. कंदिलाची काच राखेने पुसणाऱ्या मुलीचा फोटो कुणी काढलेला नाही. तेवढं बोलण्यातूनच मिळणार.

ती थांबली की तुम्ही लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, मनात दहापर्यंत मोजा. नंतरचं वाक्य बहुधा आधीच्या पाच मिनिटांपेक्षा मोलाचं असतं. तिचं साल किंवा नातं चुकलं तर तिथे दुरुस्त करू नका, नंतर टिपणात लिहा. आणि काकांना त्या वेळी बाहेर पाठवा. “तसं नव्हतं गं, तुला आठवत नाही” हे वाक्य दोनदा कानावर पडलं की म्हातारं माणूस गप्प होतं, ते पुन्हा लवकर उघडत नाही. काकांची आठवण वेगळी असेल, तर त्यांची बैठकही वेगळी घ्या. दोन्ही जपा, जुळवत बसू नका. जमिनीचा, भाऊबंदकीचा विषय निघाला आणि ती म्हणाली, “हे कुणाला सांगू नको,” तर तिच्यासमोर रेकॉर्डिंग बंद करा. आधीचा तुकडा वेगळा ठेवायचा की पुसायचा, तेही तिलाच विचारा. विसरभोळेपणा असेल तर “सांग बघू हा कोण” अशी परीक्षा घेऊ नका. फोटो हातात द्या, नाव तुम्हीच सांगा आणि पुढे काय येतं ते ऐका.

घरात जातं असेल तर ते पुसून ठेवा. “ओव्या म्हण” म्हटलं की दोन आठवतात. खुंट्याला हात लागला आणि पाळू फिरायला लागली की पुढच्या आपोआप येतात, कारण त्या हाताच्या लयीत बसलेल्या आहेत. मूठभर तांदूळ घाला, रिकामं जातं फिरवू नका, दगडावर दगड घासून आवाज कर्कश येतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा लाखभर ओव्या जमवल्या, त्या आज ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर वाचायला-ऐकायला मिळतात. जाण्याआधी तासभर ऐका, म्हणजे आजीला आठवण करून द्यायला तुमच्या तोंडी एखादी पहिली ओळ असेल.

दिवाळीचे पहिले दोन दिवस आजी बैठकीला मिळणार नाही हे धरून चाला. पोहे, फराळ, ये-जा. पण रोजचं जगणं टिपायला हेच दिवस चांगले. फोन कोपऱ्यात ठेवून पाच मिनिटं नुसता स्वयंपाकघराचा आवाज घ्या: भाकरी थापणं, मांजराला हाकलणं, काकूला हाक मारायची तिची तऱ्हा, संध्याकाळी दिवा लावताना म्हणते ते. कुणाला “बोल काहीतरी” म्हणू नका. पाककृती हवी असेल तर प्रमाण विचारून मिळणार नाही. “अंदाजाने” हेच उत्तर येईल, आणि ते खरंच असतं. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा न्या. ती घ्यायच्या आधी धण्यांचा डबा वजन करा, घेतल्यानंतर पुन्हा करा. फरक म्हणजे तिचं प्रमाण. तिखट, मीठ, गूळ, तेलाची बरणी, सगळ्यांना हेच. तिचा हात थांबवायचा नाही, चमचा पुढे करायचा नाही. तिची वाटी मात्र पाण्याने भरून किती मिलिलीटरची ते बघून ठेवा. घरोघरच्या वाट्या शंभरपासून दोनशेपर्यंत कितीच्याही असतात.

भिंतीवरच्या खिळ्याला किंवा फळीवर जुनी कॅलेंडरं असतील तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. कालनिर्णय १९७३पासून निघतंय, आणि तेव्हापासून घरोघरच्या बायकांनी त्याच्या चौकोनांत दुधाचे खाडे, सिलिंडरची तारीख, गाय कधी व्याली, मुंबईहून कोण कधी आलं हे लिहिलंय. घराची रोजनिशी ती हीच, फक्त तिला कुणी रोजनिशी म्हणत नाही. प्रत्येक महिन्याच्या पानाचा फोनने एक फोटो घ्या. बारा पानांना पाच मिनिटं. फोटोंचं साल ठरवायलाही हे उपयोगी पडतं.

चिकट पानांचे अल्बम हा सत्तर-ऐंशीच्या दशकातला मोठा शाप. खालचा गोंद पिवळा होऊन फोटोला धरतो आणि वरचं प्लॅस्टिक रंगांना खातं. आधी प्रत्येक पानाचा आहे तसा पूर्ण फोटो घ्या, कारण फोटोंचा क्रम हीही माहितीच. मग दात साफ करायचा दोरा, चव नसलेला, फोटोच्या कोपऱ्याखाली घालून करवतीसारखा हळूहळू पुढे न्या. अडला तर थांबा आणि तो फोटो पानासकट कापून ठेवा. नखाने किंवा सुरीने उचकटलात तर सुरकुती पडते ती कायमची. हेअर ड्रायरने गोंद सैल होतो हे खरं, पण कोकणातल्या दमट हवेत फोटोचा थरही सैल होतो, म्हणून मी तो सुचवत नाही. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो काचेसकटच राहू द्या आणि काचेतूनच प्रत घ्या. काच निघते, पण चेहरा तिच्याबरोबर जातो.

कॅसेट घरी घेऊन या, गावातल्या जुन्या टेपरेकॉर्डरवर लावू नका. वरच्या कडेची दोन छोटी प्लॅस्टिकची कानं मोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. खिडकीतून फितीवर पांढरी बुरशी दिसत असेल तर जाणकाराकडे द्या. पत्रं आत्ता स्कॅन करू नका, त्यातली आठ-दहा आजीला मोठ्याने वाचून दाखवा आणि ती मध्ये मध्ये बोलेल ते घ्या. अंतर्देशीय पत्राच्या आत तारीख नसली तर बाहेरच्या पोस्टाच्या शिक्क्यावर बघा.

स्कॅनरचं आता. घ्याल तेव्हा सपाट काचेचा घ्या. कागद आत ओढणाऱ्या यंत्रात जुने फोटो घालायचे नाहीत. स्वस्त, पातळ स्कॅनर काचेला टेकलेलं तेवढंच स्पष्ट टिपतात. वळलेल्या फोटोच्या कडा पुसट येतात, तेव्हा असे फोटो आधी आठवडाभर जाड पुस्तकाखाली, कोऱ्या कागदात ठेवा. ४×६ इंचांच्या फोटोला ६०० डीपीआय (इंचाला किती ठिपके टिपायचे तो आकडा) पुरे, पासपोर्टाएवढ्याला १२००, पत्रांना ४००. काळे-पांढरे फोटोही रंगीत मोडवरच, म्हणजे डाग आणि शाई नंतर वेगळी करता येते. मूळ फाइल टिफ, म्हणजे तपशील न गाळणाऱ्या प्रकारात ठेवा. ४×६चा एक फोटो सुमारे २६ एमबी, म्हणजे तुमचे दोनशे पाच-सहा जीबीत बसतात. लालसर झालेले रंगीत फोटो सुधारायचे तर प्रतीवर, मूळ फाइलवर नव्हे.

फाइलच्या नावात तारीख उलटी लिहा, वर्ष-महिना-दिवस, मग फोटोचा क्रमांक. माहीत नसेल तिथे शून्यं. नावं आणि नाती एका साध्या तक्त्यात क्रमांकासमोर लिहा. सगळं तीन ठिकाणी असू द्या: एक तुमच्या हार्ड डिस्कवर, एक ऑनलाइन, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. पेन ड्राइव्ह ने-आणीसाठी ठीक, साठवणीला नाही. ऑनलाइन खातं एकट्याच्या नावावर असेल तर पासवर्ड घरात कुणाला तरी माहीत हवा. गूगल दोन वर्षं न वापरलेलं खातं काढून टाकू शकतं. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नुसता फोटो म्हणून गेला की तो लहान होतो आणि तारखेची नोंदही गळते.

निघायच्या आदल्या रात्री रेकॉर्डिंग लॅपटॉपवर उतरवून प्रत्येक फाइल मधूनमधून ऐका, तोवर फोनमधलं काही पुसू नका. फोटो परत ट्रंकेतच जाणार असतील तर डांबराच्या गोळ्या काढून टाका, त्या निगेटिव्हला आणि प्लॅस्टिकला बाधतात. वर्तमानपत्राऐवजी कोरा कागद घाला. आणि ट्रंक माळ्यावर कौलांखाली परत चढवू नका. माजघरात, बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब, दोन विटांवर ठेवा, आणि गौरी-गणपती झाल्यावर दरवर्षी एक दुपार झाकण उघडं टाकायला काकूला सांगून या.